कपाळाला पट्टी बांधून लक्ष वाढतं का? (सहा आठवड्यांचा अनुभव आणि एक शंका)

सैरभैर

मी मुद्रितशोधनाचं काम करतो. दिवसाला साधारण चाळीस पानं डोळ्यांखालून जातात. वर्षभरापासून असं व्हायला लागलंय की डोळे ओळीवरून फिरतात, पेन्सिलही फिरते, आणि पानाच्या तळाशी पोचल्यावर कळतं की मधला अख्खा परिच्छेद मी वाचलेलाच नाही. ऱ्हस्व-दीर्घ सुटलं तर एक वेळ समजू शकतो. पण मध्यंतरी एका पानावर एकच ओळ लागोपाठ दोनदा आली होती आणि मी त्याखाली ‘तपासले’ असं लिहून सही करून मोकळा झालो.

म्हणून मेंदूचे तरंग वाचून एकाग्रता शिकवणारी ती पट्टी घेतली. (कुठल्या कंपनीची ते विचारू नका, मला जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही.) कपाळाला दोन इलेक्ट्रोड, कानामागे दोन. फोनवर एक होडी दिसते. लक्ष लागलं की होडी पुढे सरकते, भरकटलं की थांबते. शेवटी शून्य ते शंभरमधला स्कोअर मिळतो.

सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज वीस मिनिटं. पहिल्या आठवड्यात स्कोअर ४० च्या आसपास होता, आता ७८ आहे. ॲप माझ्यावर भलतंच खूश आहे.

आता शंका. माझ्यानंतर एक सहकारी दुसरं वाचन करते आणि मी सोडलेल्या चुका मोजून ठेवते. पट्टीआधी शंभर पानांत सरासरी ११ चुका सुटत होत्या. गेल्या दोन आठवड्यांत १२. होडी गेली पार पैलतीरी आणि मी आहे तिथेच. कुणाला असा अनुभव आहे का? मी चुकीचं काही करतोय का? जाणकारांनी सांगावं.

अवांतर: हल्ली संध्याकाळी कपाळ ठणकतं. पट्टी घट्ट बसत असावी.

---

कावळा_बसला

होडी चालवायला शिकलात की! तुम्ही होडीचा सराव केलात, होडी सुधारली. पानांचा सराव पट्टीने कुठे करून घेतला?

(हलके घ्या. पण प्रश्न खरा आहे.)

---

ओमचा_नियम

सैरभैर, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही अवांतरात टाकलीत.

एक करून बघा. पट्टी लावा, ॲप चालू करा, आणि लक्षबिक्ष काही न लावता नुसत्या भुवया आक्रसा. बारीक अक्षर वाचताना आपण कपाळाला आठ्या घालतो ना, तशा. वीस सेकंद धरून ठेवा आणि स्कोअर बघा. मग कपाळ पूर्ण सैल सोडा आणि मनातल्या मनात १०० पासून सात-सात वजा करत उलटे मोजा. पुन्हा स्कोअर बघा. काय दिसलं ते इथे लिहा, मग बोलू.

---

हजरजबाबी_गैरहजर

खुर्ची ओढून बसलोय.

---

सैरभैर

हे काय आहे?? आठ्या घातल्या, ८४. सात-सात वजा करताना (६५ पर्यंत न चुकता गेलो, शप्पथ) ४६.

तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तसंच.

---

ओमचा_नियम

तेच वाटलं होतं. जरा सविस्तर लिहितो, आयुष्याची बरीच वर्षं मी याच असल्या गोंगाटातून सिग्नल शोधण्यात घालवली आहेत.

कवटीवरून मिळणारा ईईजीचा, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीचा, सिग्नल असतो दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा. मायक्रो म्हणजे दशलक्षांश. त्याच्या वाटेत कवटी, कातडी, घाम, केस. कपाळाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची वीज मात्र त्या इलेक्ट्रोडच्या अगदी खाली तयार होते आणि मेंदूच्या सिग्नलच्या कितीतरी पट मोठी असू शकते. म्हणजे ढोल-ताशाच्या शेजारी उभं राहून पलीकडच्या खोलीतली कुजबुज ऐकायची.

यातली बरीचशी उपकरणं थीटा आणि बीटा यांचं गुणोत्तर बघतात, किंवा त्याचंच काहीतरी भावंड. थीटा म्हणजे सेकंदाला साधारण ४ ते ८ आवर्तनांचे संथ तरंग, पेंग आली किंवा मन भटकलं की वाढतात असं मानलं जातं. बीटा म्हणजे १३ ते ३० च्या दरम्यानचे. थीटा कमी आणि बीटा जास्त म्हणजे लक्ष लागलंय, हे सूत्र. आता गोम अशी की स्नायूंची वीज साधारण २० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला आवर्तनं) वर पसरलेली असते, म्हणजे नेमकी बीटाच्या घरात घुसते. आठ्या घातल्या की ‘बीटा’ वाढला, गुणोत्तर उतरलं, होडी सुटली.

ही माझी पदरची थिअरी नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली याचा भारी पुरावा दिला. स्वयंसेवकांना औषधाने तात्पुरतं पूर्ण लुळं केलं, एकही स्नायू हलणार नाही असं, आणि तेव्हाचा ईईजी घेतला. माणसं शुद्धीत होती, विचार करत होती. पण २० हर्ट्झच्या वरचा सिग्नल कोसळला. ज्याला लोक इतकी वर्षं मेंदूचे वेगवान तरंग म्हणत होते, त्यातला मोठा हिस्सा स्नायूंचा निघाला.

तेव्हा सहा आठवड्यांत तुम्ही प्रामाणिकपणे काहीतरी शिकलात. फीडबॅक मिळाला, शरीराने बक्षिसाची वाट शोधली, आणि सगळ्यात सोपी वाट होती कपाळ आवळणं. तुम्हाला कळलंही नाही. कपाळाला मात्र कळलं, म्हणून ते संध्याकाळी ठणकतं.

---

हजरजबाबी_गैरहजर

म्हणजे बायको ‘कपाळाला आठ्या कसल्या घालतोस’ म्हणते तेव्हा माझं लक्ष शंभर टक्के असतं तर. वाचनखूण साठवली.

---

अनुची_आई

मी इथे सहसा वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

माझ्या मुलीला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे. निदान ती आठ वर्षांची असताना झालं. गोळ्यांची भीती वाटत होती म्हणून आम्ही एका केंद्रात न्यूरोफीडबॅकची (मेंदूचा सिग्नल स्क्रीनवर बघत तो बदलायला शिकायचं) चाळीस सेशन्स केली. तिथे ही कपाळपट्टी नव्हती, डोक्याच्या मधोमध पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवायचे, समोर स्क्रीनवर विमान. दर दहा सेशननंतर ते आलेख दाखवायचे: बघा, बक्षीस मिळण्याचं प्रमाण ७५ टक्क्यांच्या खाली जातच नाही, मुलगी उत्तम प्रतिसाद देतेय.

घरीही फरक वाटला. गृहपाठाला बसू लागली, चिडचिड कमी झाली. पण वर्गशिक्षिकांना विचारलं तर त्या म्हणाल्या, मला तरी काही वेगळं दिसत नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आता ओमचा_नियम यांचं वाचून पोटात गोळा आला. आम्ही चाळीस वेळा तिच्या कपाळाचाच व्यायाम करून घेतला का?

---

ओमचा_नियम

ताई, डोक्याच्या मधोमध स्नायू फारसे नसतात, त्यामुळे ती जागा कपाळापेक्षा खूपच बरी. केंद्राने तेवढं तरी बरोबर केलं होतं.

पण त्या ७५ टक्क्यांबद्दल विचारतो. त्यांनी उंबरठा, म्हणजे किती सिग्नल आला की विमान उडेल ती रेषा, एकाच जागी ठेवली होती का आपोआप सरकती होती? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ती आपोआप सरकते. मूल कंटाळलं, सिग्नल बिघडला, की रेषाही खाली येते, म्हणजे मूल हिरमुसत नाही. तशी सोय असेल तर बक्षिसाचं प्रमाण ७५ टक्केच राहणार, मूल शिको वा न शिको, अगदी झोपलं तरी. तो आलेख मुलीबद्दल काहीच सांगत नाही, सॉफ्टवेअर नीट चालतंय एवढंच सांगतो. शिकलं का हे बघायला मूळ सिग्नल पहिल्या आणि शेवटच्या सेशनमध्ये किती होता ते मागायचं.

---

अनुची_आई

सरकतीच होती. ‘तिच्या पातळीनुसार आपोआप जुळवून घेतं’ असं कौतुकाने सांगितलं होतं.

---

मधली_ओळ

मी मानसशास्त्रातली आहे, मुलांबरोबर काम करते. अनुची आई, तुमचा शिक्षिकांवरचा राग आणि तुमचं निरीक्षण या दोन गोष्टी मिळून या क्षेत्रातला अख्खा वाद होतो, म्हणून जरा लांबण लावते.

लक्ष आणि न्यूरोफीडबॅक यांची सोयरीक जुनी आहे. १९६० च्या दशकात बॅरी स्टरमन नावाचे संशोधक मांजरींवर काम करत होते. उंदराच्या बिळाशी बसलेली मांजर आठवा: अंग दगडासारखं, कान-डोळे मात्र टक्क. त्या अवस्थेत मेंदूच्या हालचाल सांभाळणाऱ्या पट्ट्यावर १२ ते १५ हर्ट्झचा एक ताल दिसतो. तो ताल दिसला की खाणं द्यायचं, असं करून त्यांनी मांजरींना तो वाढवायला शिकवला. पुढे त्याच प्रयोगशाळेत रॉकेटच्या इंधनातल्या एका विषारी हायड्रॅझिन संयुगाची चाचणी होती, त्याने फिट्स येतात. शिकवलेल्या मांजरींना फिट्स उशिरा आल्या. मांजरीला प्लासिबो (उपचार मिळतोय या समजुतीनेच वाटणारा फरक) कळत नाही, म्हणून ही गोष्ट आजही सगळे सांगतात. १९७६ मध्ये जोएल लुबार आणि त्यांच्या सहकाऱ्याने तीच कल्पना अतिचंचल मुलावर वापरली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

आता घोडं कुठे अडतं ते. बऱ्याच अभ्यासांत मुलाला उपचार मिळतोय हे पालकांना माहीत असतं, कारण तेच त्याला आणतात-नेतात, तासभर बाहेर बसतात. त्यांनी भरलेल्या प्रश्नावलीत सुधारणा दिसते. शिक्षकांना बहुधा माहीत नसतं. २०१३ आणि २०१६ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलेल्या दोन विश्लेषणांत, ज्यांना माहीत नव्हतं त्यांची मतं वेगळी काढल्यावर परिणाम जवळजवळ विरून गेला. तुमच्या घरात झालं तेच.

यावर न्यूरोफीडबॅकवाले म्हणायचे की खरी दुहेरी आंधळी चाचणी कुणी केलीच कुठे. ती झाली. अमेरिकेत, २०२१ मध्ये निकाल आला. ७ ते १० वर्षांची १४४ मुलं. काहींना स्वतःच्या मेंदूवर चालणारा खेळ, काहींना आधी रेकॉर्ड केलेल्या दुसऱ्याच ईईजीवर चालणारा लुटुपुटूचा खेळ. आणि संशय येऊ नये म्हणून त्या लुटुपुटूच्या सिग्नलवर मुलाच्या स्वतःच्या पापण्या-हालचालींचे झटके चढवलेले. ३८ सेशन्स. मुलांना, पालकांना, शिक्षकांना, सेशन घेणाऱ्यांना, कुणालाच माहीत नाही कोण कुठल्या गटात.

दोन्ही गट सुधारले. चांगले भरघोस सुधारले. आणि दोघांत फरक नव्हता. १३ महिन्यांनी पुन्हा पाहिलं तरी लक्षणांत नव्हता.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये ३८ चाचण्या आणि २,४७२ लोकांचा हिशोब मांडणारं विश्लेषण आलं, तेही याच दिशेचं: ज्यांना गट माहीत नव्हता त्यांच्या नजरेत लक्षणांवर एकूण अर्थपूर्ण फायदा नाही.

---

कावळा_बसला

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. माझ्या नावाचं सार्थक झालं.

---

मधली_ओळ

कावळेबुवा, इतकं सोपं नाही. लुटुपुटूच्या गटातली मुलंही सुधारली, ती फांदी आपोआप तुटली नाही. आठवड्यातून काही वेळा एक मोठं माणूस त्या मुलासाठी वेळ काढतंय, त्याला एका जागी बसवून ‘छान, जमतंय’ म्हणतंय, झोपेकडे बघतंय. चंचल मुलाला दिवसभरात ‘छान, जमतंय’ किती वेळा ऐकू येतं? शिवाय पालक केंद्रात येतात ते बहुतेक वेळा परिस्थिती सगळ्यात बिघडलेली असताना, तिथून थोडं सावरणं ओघानेच येतं. हे सगळं खरं आहे, उपयोगाचं आहे. फक्त त्यासाठी इलेक्ट्रोड लागतात का, हा प्रश्न.

अनुची आई, एक कळकळीची विनंती. यातलं काही वाचून चालू असलेलं औषध स्वतःहून बंद-चालू करू नका. जे काही करायचं ते तिच्या डॉक्टरांशी बोलून.

---

अनुची_आई

नाही हो. गोळ्या दीड वर्षापासून चालू आहेत, नीट चाललंय. पण एक सांगू? विमानाच्या त्या तासानंतर आम्ही दोघी चालत घरी यायचो, धाकटा आजीकडे. अनु अजून विचारते, आपण पुन्हा विमानाला कधी जायचं. मला वाटायचं तिला विमान आवडतंय.

---

स्थिरबिंदू

इथे सगळेच झोडपायला बसलेत म्हणून दुसरी बाजू. मी सहा-सात वर्षं ध्यान करते, त्यातली दोन वर्षं अशीच पट्टी लावून. मला फायदा झाला. माझ्या उपकरणात होडी नाही, पाण्याचा आवाज आहे, मन भटकलं की लाटा वाढतात. पूर्वी मी दहा-दहा मिनिटं कुठेतरी वाहवत जायचे आणि पत्ता नसायचा. आता भटकल्याचं लवकर कळतं. हे मला स्वतःला आतून जाणवलंय, त्याला चाचणीचा दाखला कशाला हवा?

आणि हे काही आजचं खूळ नाही. शिकागोत जो कामिया यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी हेच केलं होतं. माणसाला डोळे मिटून बसवायचं, मधूनच घंटी वाजवायची आणि विचारायचं, आत्ता तुझ्या मेंदूत अल्फा (मेंदूच्या तरंगांचा एक प्रकार) होता का नव्हता? सुरुवातीला नाणं उडवल्यासारखी उत्तरं, पण सरावाने लोक बहुतेक वेळा बरोबर सांगू लागले. म्हणजे आतलं ओळखता येतं!

---

ओमचा_नियम

कामियांचा प्रयोग सुंदरच आहे. पण त्याला शेपूट आहे. विल्यम प्लॉटकिन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की अल्फा वाढवण्याची बरीचशी किमया डोळ्यांत आहे: नजर रोखणं सोडलं की अल्फा वाढतो. डोळे मिटले की अल्फा उसळतो आणि उघडले की मावळतो, हे तर हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये माणसाच्या ईईजीवरचा पहिला लेख छापला त्या काळापासून माहीत आहे. आणि ती जी शांत-प्रसन्न ‘अल्फा अवस्था’ म्हणतात, ती ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांना यायची. कपाळाच्या जागी डोळे, एवढाच फरक.

---

मधली_ओळ

स्थिरबिंदू, तुमचं ‘भटकल्याचं लवकर कळतं’ हे मी अजिबात उडवून लावणार नाही. मला वाटतं या सगळ्यात धरून ठेवण्यासारखं तेच आहे.

लक्ष म्हणजे काही एकच नळ नाही, कमी-जास्त सोडायला. सैरभैर यांची ओळ सुटते तो एक प्रकार: लांबलचक कंटाळवाण्या कामात जागं राहणं. गोंगाटात एकच आवाज धरणं हा वेगळा. आणि ‘अरे, मी गेलो होतो’ हे कळणं आणखी वेगळं. शून्य ते शंभरमधला एकच आकडा या तिघांबद्दल बोलूच शकत नाही.

त्यातल्या तिसऱ्यावर एक अभ्यास मला फार आवडतो. २०१५, अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ. लोकांना एमआरआय यंत्रात झोपवलं आणि दोन चित्रं एकावर एक छापल्यासारखी दाखवली, एक चेहरा आणि एक जागेचं दृश्य. लक्ष फक्त एकावर ठेवायचं. मेंदूचा कोणता भाग जास्त चाललाय यावरून संगणकाला कळायचं की लक्ष सरकतंय, आणि तो काय करायचा? हवं ते चित्र फिकट करायचा. म्हणजे भटकलात तर काम अवघड. शाबासकी नाही, होडी नाही, तुमची चूक तुमच्याच डोळ्यांसमोर मोठी करून ठेवायची. ज्यांना स्वतःच्या मेंदूचा फीडबॅक मिळाला ते सुधारले, ज्यांना दुसऱ्याचा मिळाला ते नाही.

अमेरिकेतल्याच एमआयटीमध्ये नंतर २० लोकांवर मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफीने (मेंदूची चुंबकीय क्षेत्रं मोजून) असंच काहीसं झालं. डोक्याच्या मागच्या भागात डाव्या-उजव्या बाजूच्या अल्फाचा तोल बदलायला शिकवलं, तर लोकांची नजर खरोखर एका बाजूला झुकू लागली. आपण काय शिकतोय हे त्यांना सांगितलेलंच नव्हतं.

तेव्हा मेंदूचा सिग्नल दाखवून लक्ष शिकवता येतच नाही असं मी म्हणणार नाही. पण ही यंत्रं खोली भरून असतात, आणि त्यात मोजलं जातं ते काहीतरी नेमकं. ‘थीटा भागिले बीटा बरोबर लक्ष’ हे नेमकं नाही. याच गुणोत्तरावर चालणारं एक उपकरण एडीएचडीच्या निदानात मदतीला म्हणून २०१३ मध्ये एफडीएने (अमेरिकेची औषधं-उपकरणं मंजूर करणारी संस्था) मंजूर केलं, आणि २०१६ मध्ये तिथल्याच मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की निदानासाठी यावर विसंबू नका.

---

स्थिरबिंदू

ठीक. पण माझ्या लाटा?

---

मधली_ओळ

तुमच्या लाटा कशाने वाढतात हे मला इथून दिसत नाही. पण वीस मिनिटांत पाच-सात वेळा कुणी कानाशी ‘कुठे आहेस?’ विचारलं, तर माणूस स्वतःकडे बघायला शिकेलही, विचारणारा अधूनमधून चुकला तरी. हे तपासता येईल.

---

कावळा_बसला

मग तपासूच की. सैरभैर, तुमच्याकडे पट्टी आहे, वेळ आहे (पानं वाचत नाही आहात म्हणजे असेलच).

---

ओमचा_नियम

करायचं तर नीट करू. तुमच्या पट्टीचा कच्चा सिग्नल ब्लूटूथवरून लॅपटॉपवर घेता येतो का बघा, अनेकांचा घेता येतो. मग होडीबिडी सोडा. छोटासा प्रोग्राम लिहून घ्या: सिग्नल घ्यायचा, गुणोत्तर काढायचं, त्यानुसार एक सूर खाली-वर करायचा. त्यात दोन प्रकार ठेवायचे, खरा म्हणजे तुमचा चालू सिग्नल आणि खोटा म्हणजे तुमचाच आधीच्या कुठल्यातरी दिवशीचा रेकॉर्ड केलेला. कोणता चालू आहे ते नाणं उडवून प्रोग्राम ठरवेल आणि फाइलमध्ये लिहून ठेवेल, तुम्ही ती उघडायची नाही.

जबडा आवळला आणि सुरात काहीच झालं नाही तर तुम्हाला लगेच कळेल हा खोटा आहे. म्हणून मधली_ओळ यांनी सांगितलेली युक्ती: पापण्यांचे आणि जबड्याचे मोठे झटके खोट्यातही चालू सिग्नलमधलेच घालायचे. आणि कपाळ सैल. आठी आली की प्रोग्रामने सूर बंदच करायचा.

दहा दिवस. रोज शेवटी लिहायचं: खरा वाटला की खोटा, आणि किती ताबा वाटला, दहापैकी.

बरं, त्याआधी एक गंमत. ओल्या टॉवेलची गुंडाळी करून तिला पट्टी लावा. १९७० च्या दशकात कॅनडात एड्रियन अप्टन नावाच्या डॉक्टरांनी जेलीच्या गोळ्याला ईईजी यंत्र जोडलं होतं आणि कागदावर छान रेघोट्या आल्या होत्या, आजूबाजूच्या विजेच्या आणि माणसांच्या वावराच्या. यंत्राला काहीतरी लिहायचंच असतं.

---

सैरभैर

बहिणीला प्रोग्रामिंग येतं, तिला कामाला लावलंय.

टॉवेल: बराच वेळ ‘संपर्क तपासा’. मग एका कोनात पट्टी बसली आणि हिरवा दिवा. मूळ ॲप म्हणालं ४१. टॉवेल माझ्या पहिल्या आठवड्याच्या बरोबरीचा आहे.

---

हजरजबाबी_गैरहजर

टॉवेलला अजून सहा आठवडे द्या. होतकरू वाटतोय.

---

निनावी_३२

मध्येच घुसतोय, पण हा कच्चा सिग्नल एरवी कुठे जातो याचा कुणी विचार केलाय का? ॲपच्या अटी वाचा. २०१९ मध्ये चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळाला असल्या पट्ट्या लावल्या होत्या, लक्ष असेल तसा दिव्याचा रंग, आकडे शिक्षकांच्या संगणकावर. लोकांनी बोंब मारल्यावर थांबवलं. चिलीने २०२१ मध्ये मेंदूच्या माहितीचं संरक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका ईईजी उपकरणाच्या कंपनीला एका माणसाचा गोळा केलेला डेटा पुसायला लावला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२४ मध्ये कायदा केला. आणि वर दिसलंच की तो आकडा कपाळाचा असू शकतो. उद्या कुणी तुमच्या कामाचं मोल त्यावर ठरवलं तर?

---

ओमचा_नियम

चुकीचं मोजणारं यंत्र पाळतीला जास्त घातक, यावर वेगळा धागा काढा. मी येतो.

---

सैरभैर

(बारा दिवसांनी.)

दहा बैठका झाल्या. मधे दोन दिवस सर्दी झाली म्हणून सोडले.

बहिणीने आज फाइल उघडली. पाच खऱ्या, पाच खोट्या. मी दहापैकी सहा बरोबर ओळखल्या. ओमचा_नियम, हसू नका.

ताब्याचे गुण: खऱ्या दिवशी सरासरी ५.८, खोट्या दिवशी ६.२.

आणि हे लिहायला जरा संकोच वाटतोय. सातव्या दिवसाच्या वहीत मी लिहिलंय: ‘आज प्रथमच पूर्ण जमलं. सूर माझ्या मागे मागे येतोय. विचार उठायच्या आधी कळतंय. ९/१०.’ त्या दिवशी झटके आणि आठ्या सोडल्या तर पट्टीतून येणारं काहीच वापरलं जात नव्हतं. मी तीन आठवड्यांपूर्वीच्या एका रविवारचं रेकॉर्डिंग ऐकत होतो. रेकॉर्डिंग माझंच होतं, पण बहिणीने सांगितलं की तेव्हा मी बसल्या बसल्या पेंगत होतो, तिने मला हलवून उठवलं होतं.

---

मधली_ओळ

हे इथे लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार.

एक विचारते. या बारा दिवसांत पानांचं काय झालं?

---

सैरभैर

तेच सांगणार होतो. शंभर पानांत ८. पण मी आणखी दोन गोष्टी बदलल्या होत्या, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचं कळत नाही. कपाळ ठणकायचं थांबलं. आणि तुम्ही लांबलचक कंटाळवाण्या कामाबद्दल म्हणालात त्यावरून शोधता शोधता ती तीनच्या आकड्याची चाचणी सापडली, १९९७ ची. एक ते नऊ आकडे एकामागून एक येतात, प्रत्येक आकड्याला बटण दाबायचं, फक्त ३ आला की दाबायचं नाही. २२५ आकडे, सव्वाचार मिनिटं. सोपं वाटतं. मी सकाळी ताजा असताना २५ पैकी ६ तिनांना दाबलं, आणि सलग दीड तास पानं वाचून झाल्यावर १४ ना. बोट आधी जातं, मी मागून पोचतो. म्हणून आता चाळीस मिनिटांनी उठतो, आणि उठण्याआधीची शेवटची दोन पानं उलटीकडून वाचतो, खालच्या ओळीपासून वर.

---

कावळा_बसला

तीन बदल एकदम केलेत. आता कुठली फांदी आणि कुठला कावळा.

---

स्थिरबिंदू

मीही भावाकडून तसा प्रोग्राम करून घेतेय. दहा नाही, वीस बैठका करणार. निकाल काहीही आला तरी इथे टाकेन.

सैरभैर, तुमच्या बहिणीने झटके कसे वेगळे काढले ते विचारून सांगाल का? आमचं तिथेच अडलंय.

---

सैरभैर

विचारलं. ती म्हणते कपाळाच्या दोन इलेक्ट्रोडवर एकाच वेळी १०० मायक्रोव्होल्टच्या वर उडी आली की पापणी समजायची. जबड्यासाठी ३० हर्ट्झच्या वरची ताकद बघायची, आधी दोन मिनिटं मुद्दाम दात आवळून स्वतःची मर्यादा ठरवून घ्यायची. आणि लॅपटॉप चार्जिंगला लावू नका, ५० हर्ट्झची गुणगुण सगळीकडे शिरते. आमचे पहिले दोन दिवस त्यातच गेले.